एमजीबी रोडस्टर : हादरे नेमके येत कुठून होते, एका गाडीचं पूर्ण प्रकरण

गाडी माझ्या जवळच्या मित्राची, १९७० सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची उघड्या छताची स्पोर्ट्स कार, क्रोम बंपरवाली. त्याने ती आधीच रिस्टोर केलेली घेतली होती, रंग सुंदर, इंजिन एकदम गोड चालणारं, पण गाडीत अर्धा तास बसलं की माणूस उतरताना दोन्ही हातांनी दार धरून उतरायचा. मित्राला कमरेचा जुना त्रास आहे, त्यामुळे तो महिन्यातून एकदाच गाडी काढायचा आणि परत आला की पडून राहायचा. मला म्हणाला, "अरे, जुनी स्पोर्ट्स कार आहे, कडक असणारच, बहुतेक विकूनच टाकतो." मी त्याला म्हटलं, विकायच्या आधी मला एकदा खाली घुसून बघू दे, कारण कंपनीतून निघालेली एमजीबी इतकी कडक नव्हती, माझी तरी पक्की खात्री होती. १९६२ पासून १९८० पर्यंत इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनला ही गाडी बनली, पाच लाखांच्या वर बनली. रोज ऑफिसला जायचं आणि सुट्टीत लांब भटकायचं, असंच लोकांनी ती वापरली. कमर मोडणारी गाडी इतकी वर्षं इतकी खपत नाही.

आधी रचना थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. पुढे कॉइल स्प्रिंग आणि विशबोन (चाक धरून वरखाली हलणारा दुबेळकी हात), पण वरचा विशबोन वेगळा नाहीच, लिव्हर आर्म शॉकअपचा (तेल भरलेली पेटी आणि तिला जोडलेला हलता हात, असा जुना शॉकअप) हातच वरच्या विशबोनचं काम करतो. मागे अखंड अॅक्सल, दोन पाटे (एकावर एक लोखंडी पानं ठेवून केलेल्या स्प्रिंग) आणि तिथेही लिव्हर आर्म शॉकअप. चेसिस वेगळी नाही, बॉडीच सगळा भार घेते. बस एवढंच. साधी रचना आहे आणि म्हणूनच कोणी तिच्यात काय बदल केला की तो लगेच जाणवतो.

पहिल्या दिवशी मी काहीच उघडलं नाही. आम्ही रस्त्याचा एक तुकडा ठरवला, त्यात पुलाचे सांधे होते, खडबडीत डांबर होतं आणि एक लांबट उंचवटा होता, आणि तिथून एकाच वेगाने पाचसहा वेळा गाडी नेली. वहीत लिहिलं की त्रास कुठल्या प्रकारचा आहे, कारण "कडक" हा शब्द फार फसवा आहे, त्यात तीन-चार वेगळे आजार लपलेले असतात. इथे तीन सापडले. सांध्यावर येणारा टणक फटका, म्हणजे हातोडी मारल्यासारखा. खडबडीत डांबरावर सतत चालू असलेली थरथर, जी सीटमधून पाठीत शिरायची. आणि उंचवट्यावरून उतरताना मागून येणारा दणका, ज्याने मान मागे जायची. तिसरा त्रास ऐकल्यावर मला शंका आली की गाडीची चाल संपतेय, म्हणजे चाकाला वर जायला जागाच उरत नाहीये, पण ते नंतर.

मग टायर बघितले, कारण ते बघायला काहीच लागत नाही. हवा चारही चाकांत ३४ पाउंड. या गाडीच्या हँडबुकात रेडियल टायरला पुढे २१ आणि मागे २४ दिलेत. एक टनाच्या आतली गाडी आहे, तिला आजच्या जड गाडीची हवा भरली की टायर चेंडूसारखा टणक होतो. बहुतेक हवा भरणारा माणूस सगळ्यांना भरतो तशी भरत गेला असणार आणि कोणी हँडबुक उघडलंच नाही. त्यात टायर होते १९५/५० आर १५ (म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ५० टक्के, रिम १५ इंची), मोठ्या अलॉय चाकांवर. मूळ चाक १४ इंची, आणि त्यावर १६५/८० घेतला तर टायरची भिंत १३२ मिलिमीटर उंच येते. या टायरची भिंत साडेसत्त्याण्णव. म्हणजे रस्ता आणि रिम यांच्यामधली रबर आणि हवेची गादी पाऊण उरली होती. अजून एक, पूर्ण टायरचा व्यास ६२० मिलिमीटरवरून ५७६ झालेला, म्हणजे गाडी फक्त टायरमुळेच २२ मिलिमीटर खाली बसलेली आणि इंजिन त्याच वेगाला साडेसात टक्के जास्त फिरतंय, स्पीडोमीटर तेवढाच जास्त दाखवतोय. मित्र म्हणायचा हायवेला इंजिन फार ओरडतं, त्याचं एक कारण हे. टायरच्या कडेला चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, तो वाचला तर टायर अकरा वर्षांचे निघाले. नक्षी नव्यासारखी, पण नख रुतत नव्हतं इतकं रबर वाळलेलं.

टायर जुने असल्यामुळे हवा एकदम कमी करायला मी घाबरलो, हळू वेगातच तपासायचं ठरवून पुढे २४ मागे २६ केली आणि तोच तुकडा परत फिरलो. थरथर बरीच कमी झाली, सांध्याचा फटका थोडा कमी, मागचा दणका जसाच्या तसा. एक रुपयाही खर्च न करता एक आजार अर्धा बरा झाला आणि हेही कळलं की उरलेला आजार टायरचा नाही.

आता दणका. बंप स्टॉप म्हणजे चाक फार वर गेलं तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून लावलेलं रबर. त्याला चाक रोज लागायचं नसतं, क्वचित लागायचं असतं. मी चारही ठिकाणी त्याच्यावर मुलांच्या खेळायच्या मातीचा एकेक गोळा चिकटवला, जो प्लॅस्टिसीन म्हणून मिळतो तो, आणि गाडी गेटमधून बाहेर काढून गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणली. मागचे दोन्ही गोळे पोळीसारखे सपाट! पुढचा एक सपाट, एक अर्धा चेपलेला. म्हणजे ही गाडी स्प्रिंगवर चालतच नव्हती, रबराच्या ठोकळ्यांवर चालत होती.

कारण शोधायला वेळ लागला नाही. मागे अॅक्सल आणि पाट्याच्या मध्ये दीड इंचाचे लोअरिंग ब्लॉक (गाडी खाली बसवायला घालतात ते ठोकळे), आणि पुढे स्प्रिंग कापलेली, ग्राइंडरचे डाग दिसत होते आणि कापलेलं टोक आपल्या जागेत नीट बसतही नव्हतं. आधीच्या कोणीतरी गाडी खाली बसवली, कारण खाली बसलेली गाडी फोटोत छान दिसते. गंमत म्हणजे याच गाडीला १९७४ च्या शेवटी काळे रबरी बंपर आले तेव्हा कंपनीनेच ती साधारण दीड इंच वर उचलली होती, आणि लोक त्या गाड्या परत खाली करायला जे सामान घेतात तेच सामान इथे आधीच खाली असलेल्या क्रोम बंपर गाडीला लावलं गेलं असावं.

इथे मला थांबून एक हिशोब सांगायचाय, कारण या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माझ्या मते हीच आहे. स्प्रिंग कापली की ती कडक होते हे सगळे सांगतात आणि ते खरं आहे, आठ वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग आठ भागिले सात, म्हणजे साधारण १४ टक्के कडक होते. पण गाडी वरखाली डोलण्याचा वेग कडकपणाच्या वर्गमुळाने वाढतो. गाडीच्या वजनाने स्प्रिंग चाकाजवळ १० सेंटिमीटर दबत असेल तर डोलणं सेकंदाला १.६ वेळा, आणि १४ टक्के कडक केली तर १.७ वेळा. हा फरक पाठीला जेमतेम कळेल. मग माणूस मरतो कशाने? संपलेल्या चालीने. स्प्रिंग अजून निम्मी दबायच्या आत चाक रबराला टेकतं आणि त्या क्षणी कडकपणा एकदम कितीतरी पट होतो, आणि तो फटका अंगात येतो. म्हणून मी आता कोणी "मऊ स्प्रिंग टाकू का" विचारलं की आधी उलट विचारतो, चाकाला वर जायला जागा किती आहे ते मोजलंस का. मऊ स्प्रिंगला तर उलट जास्त जागा लागते, खाली बसलेल्या गाडीत मऊ स्प्रिंग टाकली तर ती अजून लवकर रबराला टेकणार.

शिवाय माणसाच्या शरीराला सगळे हादरे सारखे लागत नाहीत. सेकंदाला एक-दीड वेळा होणारं डोलणं आपल्याला चालण्यासारखंच वाटतं, त्रास होत नाही. सगळ्यात वाईट लागतात ते सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारे उभे हादरे, कारण पोट आणि पाठीचा कणा नेमका त्याच पट्ट्यात थरथरतो. कमरेचं दुखणं असलेल्या माणसाला हा पट्टा म्हणजे शिक्षाच.

ब्लॉक काढले, पुढे मूळ मापाच्या नवीन स्प्रिंग घातल्या. एक गोष्ट जीव लावून सांगतो, पुढची स्प्रिंग काढताना घाई करू नका, ती दाबलेली असते आणि सुटली तर हाड मोडते. खालच्या स्प्रिंग पॅनखाली (स्प्रिंग जिच्यात बसते ती वाटी) भक्कम आधार लावून, हळूहळू सोडत काढायची, आणि ज्याने कधी केलं नाही त्याने करणाऱ्याच्या शेजारी उभं राहून एकदा बघावं. नवीन स्प्रिंग घेताना तारेची जाडीही मोजा, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, तार १० टक्के जाड म्हणजे स्प्रिंग जवळपास दीडपट कडक, आणि डोळ्यांना तो फरक दिसतही नाही. आम्हाला पहिल्यांदा आलेल्या स्प्रिंग अशाच जाड तारेच्या होत्या, मित्राने वैतागून "चालतंय रे, लाव" म्हटलं, मी ऐकलं नाही, परत पाठवल्या आणि दोन आठवडे थांबलो.

दणका गेला. मित्र खूश, मी मात्र नव्हतो, कारण मागचं टोक अजून खडबडीत डांबरावर लाकडासारखं लागत होतं. मागे मूळ लिव्हर आर्म काढून टेलिस्कोपिक (आजच्या गाड्यांसारखे, नळीत दांडा सरकणारे) शॉकअप बसवलेले होते, अॅडजस्ट होणारे, आणि ते शेवटच्या क्लिकपर्यंत आवळलेले. अर्थातच सगळा दोष त्यांना दिला, पूर्ण सैल केले, फिरून आलो, फरक पडला पण अपेक्षेइतका नाही. मग मागचे दोन्ही शॉकअप सोडून गाडी जागेवर उभी ठेवून मागच्या डिकीवर जोर देऊन दाबली. (अशी गाडी रस्त्यावर अजिबात न्यायची नाही, फक्त उभी असताना.) शॉकअप नसलेली गाडी कशी पाहिजे, एकदा दाबून सोडली की पाळण्यासारखी तीन-चार वेळा वरखाली झाली पाहिजे. ही दाबली की दबलेलीच राहायची, वर उचलली की वरच राहायची! म्हणजे शॉकअप नसतानाच इतकं घर्षण होतं की छोट्या खड्ड्यांना पाटे हलतच नव्हते. छोटा धक्का आला की तो घर्षण तोडण्याइतका जोरात नसतो, त्यामुळे पाटा त्या क्षणी लोखंडी कांब होतो आणि धक्का थेट बॉडीत जातो. मोठ्या खड्ड्याला गाडी बरी वाटते आणि साध्या रस्त्यावर वाईट, असं उलटं लक्षण दिसलं की घर्षणाचा संशय घ्यावा. तपासायला ही चाचणी पंधरा मिनिटांची आहे आणि मी ती पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

घर्षण दोन जागी होतं. पाट्यांच्या पानांमध्ये गंज भरलेला, टोकांना तर वरच्या पानात खालच्या पानाने खाच पाडली होती, म्हणजे पान सरकायचं तर आधी खाचेतून बाहेर चढायचं. आणि पाट्याच्या डोळ्यांत (टोकाच्या भोकांत) आणि शॅकलमध्ये (पाट्याचं टोक बॉडीला जोडणारी हलती कडी) पॉलियुरेथेन या टणक प्लास्टिकचे लाल बुश, म्हणजे सांध्यात पिनेभोवती बसणारी नळकांडी. आता पॉली बुश वाईट असं मी म्हणणार नाही, शर्यतीच्या गाडीला त्याचा उपयोग आहे, पण रबराचा बुश पिळून हलतो, त्याचं रबर लोखंडाला घट्ट धरून बसलेलं असतं आणि आतल्या आत वळतं, त्यात घासणं नाहीच. पॉली बुश पिळत नाही, तो पिनवर सरकतो, म्हणजे त्याला ग्रीस लागतं आणि ग्रीस सुकलं की तो ब्रेकसारखा धरतो. इथे बसवताना ग्रीस लावलं होतं की नाही देव जाणे, निघाले तेव्हा कोरडे ठक्क होते.

एक पाटा उघडून पानं घासून बघितली, खाच फार खोल होती, त्यामुळे दोन्ही पाटे नवीन घेतले, पानांच्या टोकांना गोल कड काढली, मध्ये ग्राफाइट ग्रीस लावलं, बुश सगळे रबराचे. पुढच्या खालच्या विशबोनलाही तोच लाल माल होता, तिथे एमजीबीच्याच १९७३ ते १९७६ मध्ये बनलेल्या व्ही८ (आठ सिलिंडरच्या) मॉडेलचे एकसंध बुश बसवले, ज्यात रबर आतल्या-बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. हा बदल या गाडीत खूप लोक करतात आणि मलाही तो पटलेला आहे, मूळच्या दोन तुकड्यांच्या बुशपेक्षा जास्त टिकतो आणि कडकही वाटत नाही.

इथे माझ्याकडून एक चूक झाली ती लिहितो, कारण बऱ्याच ठिकाणी चांगले मेकॅनिकसुद्धा ती करतात. बुश बसवून गाडी जॅकवर असतानाच मी सगळे नट आवळले. चाकं लटकलेली, म्हणजे रबर त्या लटकलेल्या कोनात पक्कं झालं. गाडी खाली घेतली तर पुढून १० मिलिमीटर उंच उभी आणि परत कडक, कारण आता प्रत्येक बुश उभ्या उभ्याच पिळलेला होता आणि स्वतः एक स्प्रिंग बनून बसला होता. असं ठेवलं तर वर्षभरात रबर फाटतंच. सगळे नट सैल केले, गाडी चाकांवर उभी केली, पुढेमागे ढकलली, आत दोघांच्या वजनाइतकी पोती ठेवली आणि मग खाली झोपून आवळले. उंची जागेवर आली. रबराचा कुठलाही बुश असो, शेवटचा पीळ गाडी चाकांवर उभी असतानाच द्यायचा.

शॉकअपचं काय करायचं यावर आमचा बराच वाद झाला. चांगला टेलिस्कोपिक नीट मापाचा असेल तर तो लिव्हर आर्मपेक्षा कमी नाही, उलट गरम झाल्यावर जास्त टिकून राहतो. पण इथे बसवलेल्याची चाल मागच्या अॅक्सलच्या चालीला पुरत नव्हती, ब्लॉक काढल्यावर अॅक्सल लटकला की शॉकअप आधी ताणून संपायचा आणि अॅक्सलला फार खाली लटकू न देणारा पट्टा नंतर. शॉकअपने थांबा म्हणून काम करणं बरोबर नाही, एक दिवस त्याचा ब्रॅकेट तुटतो. म्हणून मागे रिकंडिशन केलेले लिव्हर आर्म परत लावले. घेताना हाताने आर्म वरखाली करून बघा, दोन्ही दिशांना न तुटता सलग चिवट जोर लागला पाहिजे, मध्ये कुठे मोकळा झटका लागला तर आत तेल कमी आहे नाहीतर व्हॉल्व्ह गेलाय.

पुढचा उजवा शॉकअप शाफ्टजवळून ओला होता. एका ओळखीच्या मेकॅनिकने सल्ला दिला की जाड तेल भरा, होऊन जाईल. नाही होत. जाड तेलाने हळू डोलणं कदाचित आवरतं, पण सांध्यासारख्या झटपट धक्क्याला तेच तेल व्हॉल्व्हमधून पटकन जात नाही आणि फटका उलट वाढतो, आणि गळती तर चालूच राहते. त्यात एमजीबीत पुढचा शॉकअप म्हणजेच वरचा विशबोन, त्याचा शाफ्ट खेळला की चाकाचा कोनही हलतो. त्यामुळे पुढची जोडीही रिकंडिशन केलेलीच घातली आणि किंगपिनच्या (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) सगळ्या निपलना, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडांना, ग्रीस मारलं, नंतर अलाइनमेंट.

पुढे एक जाड अँटी रोल बारही (दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारी, गाडीचं कलणं कमी करणारी कांब) होता, तो काढून मूळ जाडीचा घातला. जाड बार वळणावर गाडी सरळ ठेवतो हे खरं, पण एकाच चाकाखाली खड्डा आला की तो धक्का दुसऱ्या बाजूला नेतो आणि डोकं डावी-उजवीकडे हलत राहतं. मित्राच्या मानेला ते जास्त लागायचं.

शेवटी १४ इंची मूळ स्टीलची चाकं आणि नवीन १६५/८० टायर. आणि सीट. सीटकडे कोणी बघत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. वरचं चामडं नवीन होतं, आत हात घातला तर फोमचा भुगा आणि त्याखालचा रबराचा आधार एका कोपऱ्यात फाटलेला, माणूस जवळजवळ लोखंडी चौकटीवर बसायचा. नवीन आधार, नवीन फोम, खाली घट्ट आणि वर थोडा मऊ असा दोन थरांचा. नुसता मऊ फोम भरला असता तर तो पूर्ण दबून परत चौकटच लागली असती.

आता काय झालं ते. त्याच तुकड्यावर त्याच वेगाने गेलो. सांध्याचा आवाज येतो पण फटका येत नाही, धप्प असा गोल होऊन येतो. थरथर जवळपास गेली. उंचवट्यावर गाडी एकदा वर होते, खाली येते आणि थांबते. मातीचे गोळे परत लावून महिनाभर चालवली, मागचा एक फक्त एकदाच टेकला, तोही सामान भरून दोघं बसलेले असताना. वळणावर गाडी आता आधीपेक्षा जास्त कलते, हे नाकारणार नाही, पण खडबडीत वळणावर ती आधी उड्या मारत बाहेर सरकायची ती आता रस्ता धरून राहते, कारण चाक जमिनीवर असतं. डॅशबोर्ड आणि दार मात्र खराब रस्त्यावर अजूनही थोडे थरथरतात. छत नसलेल्या गाडीची बॉडी तेवढी पिळणारच, ते स्प्रिंगने जाणार नाही आणि त्याच्यामागे मी लागलोही नाही.

हवा सध्या पुढे २२ मागे २५ ठेवलीय, थंड टायरला. मागच्या रविवारी मित्र साडेतीन तास सलग चालवून आला आणि आल्यावर पडून न राहता माझ्याकडे चहाला आला. पुढचा उजवा शॉकअप परत किंचित ओलसर दिसतोय, पुढच्या आठवड्यात त्याचं झाकण उघडून तेलाची पातळी बघायची आहे.